जाहिर, बातिन आणि बोट

मुस्लिम मराठी साहित्यावर लिहिताना आपण कविता, कथा, कादंबरी, आत्मकथन यांच्यापाशी थांबतो. फार तर नाटक-सिनेमापर्यंत जातो. आमच्या गडमुडशिंगीतला अकरावी-बारावीचा मुलगा मात्र ज्या गोष्टीत रोज सर्वाधिक गुंततो, ती यांपैकी कशातही नाही. ती त्याच्या मोबाइलमध्ये आहे, आणि ती तो वाचत नाही, खेळतो. गांधीनगरची कापडपेठ आणि कोल्हापूरचे विमानतळ यांच्या शेजारचे हे गाव. संध्याकाळी कट्ट्यावर चार मुले चार मोबाइल घेऊन एकाच बाजूने एकच लढाई लढत बसलेली असतात. चौघांत एखादा मुल्लाणी असतो, एखादा पाटील, एखादा कांबळे. घरचे म्हणतात, पोरे वेळ घालवतात. मौलवीसाहेब म्हणतात, हा सगळा लहव-ओ-लइब आहे. समीक्षक काहीच म्हणत नाहीत.

आमचे म्हणणे असे, की या खेळांत कथा आहे, कथेत धर्म आहे, आणि तो धर्म बहुधा चिन्हांच्या आडून येतो. ही चिन्हे वाचण्याची रीत आपण आपल्या परंपरेच्या आधाराने ठरवली पाहिजे. आपण ती ठरवली नाही, तर एकीकडे खेळ विकणाऱ्या कंपन्या आणि दुसरीकडे मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवा ती ठरवतील. आजवर तसेच होत आले आहे.

सुरुवात कट्ट्यावरच्याच खेळापासून करू. जून २०२० मध्ये पबजी मोबाइलमध्ये 'मिस्टीरियस जंगल' नावाचा नवा प्रकार आला. त्या जंगलात ठिकठिकाणी टोटेम, म्हणजे कुलदेवतेच्या प्रतीकासारखे कोरीव खांब उभे होते. खेळाडूचे पात्र त्यांच्यापाशी गेले की पूजा केल्यासारखी हालचाल करी आणि त्या बदल्यात त्याला शक्ती वा संरक्षण मिळे. आखाती देशांतल्या मुस्लिम खेळाडूंनी आक्षेप घेतला. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि ती हालचाल काढून टाकली. (भारतात त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजीवर आलेल्या बंदीचे कारण वेगळे होते; ती चिनी ॲपविरोधी कारवाई होती. २०२१ मध्ये हा खेळ नव्या नावाने भारतात परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. पोरे अजून त्याला पबजीच म्हणतात.)

हा आक्षेप अनेकांना हास्यास्पद वाटला. खेळात दिवसभर माणसे मारलेली चालतात आणि खांबापुढे वाकलेले चालत नाही, हा कसला धर्म, असे विचारले गेले. प्रश्न वाजवी आहे आणि त्याकडे आम्ही पुढे येऊ. पण समीक्षेच्या अंगाने पाहिले, तर त्या खेळाडूंचे वाचन अचूक होते. जंगलात मूर्ती आहे, अशी त्यांची तक्रार नव्हती. मूर्ती तर कितीतरी खेळांत असतात आणि मुसलमान मुले ते खेळतात. तक्रार अशी होती, की खेळाने आपल्या पात्राला आपल्या वतीने वाकवले आणि त्या वाकण्याला बक्षीस लावले. चित्र पाहणे वेगळे आणि कृती करणे वेगळे, हा भेद त्यांनी ओळखला.

व्हिडिओ गेमच्या समीक्षेची किल्ली आम्हाला इथे दिसते. कादंबरीत नायक बुतापुढे वाकला तर वाचक साक्षीदार असतो. सिनेमात वाकला तर प्रेक्षक साक्षीदार असतो. खेळात मात्र बटण आपल्या बोटाखाली असते. तेव्हा खेळातल्या धर्मचिन्हाचा अर्थ भिंतीवर काय रंगवले आहे यावर जेवढा ठरतो, त्याहून अधिक बोटाला काय करायला लावले आहे यावर ठरतो. जे डोळ्याला दिसते ते जाहिर. जे हाताकडून करवून घेतले जाते त्यात बातिन. आणि आपल्या धर्मात कृतीचे मोल नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरते. म्हणून तिसरा प्रश्नही विचारावा लागतो: ही नियत कोणाची? खेळणाऱ्याची, की खेळ रचणाऱ्याची?

या कसोटीवर गेल्या पंचवीस वर्षांतले गाजलेले वाद तपासले, तर बहुतेक वाद जाहिरवर झाले आणि जाहिरवरच मिटले, असे आढळते. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' हा २००९ चा युद्धखेळ. त्यात ब्राझीलमधल्या झोपडपट्टीचा एक नकाशा आहे, 'फावेला'. तिथल्या एका न्हाणीघराच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली होती आणि तिच्यावर अल्लाहच्या सौंदर्यप्रीतीविषयीची प्रसिद्ध हदीस सुलेखनात होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये तक्रार झाली, कंपनीने माफी मागितली, नकाशा काही काळ मागे घेतला आणि चौकट बदलली. न्हाणीघरात पाक नाव असू नये, ही भावना आमचीही आहे. पण याच मालिकेत कराचीचा नकाशा आहे. त्या कराचीतल्या दुकानांच्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत होत्या. कराची हे कोट्यवधी माणसांचे, उर्दूच्या मुशायऱ्यांचे, सिंधी, गुजराती आणि कोकणी मुसलमानांचेही शहर. खेळाच्या दृष्टीने मात्र ते फक्त 'तिकडचे' एक ठिकाण होते, आणि 'तिकडच्या' सगळ्यांची लिपी एकच. तिथे घर आहे, घरवाला नाही; गल्ली आहे, गल्लीत भाजी घेणारी बाई नाही. खेळणाऱ्याच्या बोटाला तिथे एकच काम दिलेले आहे. भिंतीवरच्या चौकटीची माफी मागितली गेली. भिंतीमागच्या माणसांच्या नसण्याची माफी कोणी मागितली नाही, कारण ती आपण कोणी मागायलाच लावली नाही.

दुसरा दाखला जपानी खेळाचा आहे. 'द लिजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम' हा १९९८ चा खेळ या माध्यमातला अभिजात ग्रंथ मानला जातो. त्यातल्या अग्निमंदिराच्या पार्श्वसंगीतात इस्लामी पठणाचे तुकडे होते. गेरुडो नावाची वाळवंटी टोळी त्यात आहे, ती चोरांची. तिचे चिन्ह चांद-तारा होते. पुढच्या आवृत्त्यांत ते पठण काढले गेले आणि चांद-ताऱ्याच्या जागी वेगळे चिन्ह आले. चांद गेला, चोर राहिले. वाळवंट, पश्चिमेकडचा रखरखीत प्रांत, तिथले संशयी लोक आणि त्यांच्यातून निघालेला खलनायक हा सगळा साचा जसाच्या तसा उरला. चिन्ह पुसले की साचाही पुसला गेला, असे मानणे ही आपली भाबडी समजूत आहे. साचा नावाशिवायही ओळखू येतो. उलट नाव नसल्यामुळे त्याच्यावर बोट ठेवणे अवघड होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण २००८ चे आहे. 'लिटल बिग प्लॅनेट' या मुलांच्या खेळाचे प्रकाशन ऑक्टोबरात ऐन वेळी लांबवले गेले, कारण त्यातल्या एका गाण्यात कुरआनातले शब्द होते. गाणे होते माली देशातले जगप्रसिद्ध कोरावादक तुमानी दियाबाते यांचे. ते स्वतः मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या गाण्या-वाजवण्याचा वारसा सांगणाऱ्या घराण्यातले. त्यांच्या मुलखात दीनचे बोल गाण्यात गुंफणे हा श्रद्धेचाच भाग. इथे एका मुसलमानाचा जिक्र दुसऱ्या मुसलमानाला बेअदबी वाटली आणि घाबरलेल्या कंपनीने तो कापून टाकला. कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट सहज कळावी. इथे मोहरमात तालमी-तालमींत पंजे बसतात. बाबुजमाल तालमीचा नाल्या हैदर पाहायला सगळे शहर लोटते. कोणाला त्या पंजात पंजतन पाक दिसतात, कोणाला आपला नवस, आणि काही मुसलमानांना ती बिदअत वाटते. एकाच चिन्हाचे तीन वाचक एकाच गल्लीत राहतात. या गल्लीत वाढलेल्याला चिन्हाचा एकच अर्थ असतो, असे म्हणण्याची मुभा नाही.

आता 'गूढार्थ' या शब्दाकडे वळू, कारण खेळांच्या जगात या शब्दाला मोठी किंमत आहे. 'असॅसिन्स क्रीड' ही २००७ साली सुरू झालेली मालिका संपूर्णपणे गूढार्थावर उभी आहे. पहिल्या खेळाचा काळ ११९१ चा, तिसऱ्या क्रूसेडचा. दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम ही शहरे. नायक अल्तायर हा मसयाफच्या गढीतला फिदाई. या कथेला व्लादिमीर बार्तोल या स्लोवेनियन लेखकाच्या १९३८ सालच्या 'अलामूत' या कादंबरीची पार्श्वभूमी आहे, आणि तिच्यामागे निजारी इस्माईली पंथाचा खरा इतिहास आहे. या पंथाला विरोधक 'बातिनी' म्हणत, म्हणजे शरीयतच्या जाहिरापेक्षा आतल्या अर्थाला महत्त्व देणारे. सल्जुक वजीर निजामुल्मुल्कचा १०९२ मध्ये खून झाला तो अलामूतच्या फिदाईने केला, असे इतिहासकार सांगत आले. त्याच वजिराच्या आश्रयाने बगदादच्या मदरशात शिकवणाऱ्या इमाम गजालींनी पुढे बातिनींच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. मौज अशी, की त्याच गजालींनी 'इह्या'मध्ये नमाज, रोजा, हज यांचे आंतरिक अर्थ इतक्या प्रेमाने उलगडले, की सूफींनी त्यांना आपले मानले. त्यांचा झगडा आतल्या अर्थाशी नव्हता. बाहेरचे टाकून देणाऱ्या आतल्या अर्थाशी होता.

हा एवढा मोठा वैचारिक संघर्ष खेळाच्या हाती लागला आणि त्याचे काय झाले? खेळात बातिन म्हणजे एक गुप्त संघटना, तिचे शत्रू म्हणजे दुसरी गुप्त संघटना, आणि सत्य म्हणजे एक जादूई सफरचंद. अल्तायर मुसलमानी मुलखात जन्मलेला, मुसलमानी नावाचा. पण तो कधी वुजू करत नाही, सजदा करत नाही, आणि न करण्याचे कारणही त्याला सतावत नाही. बोटाचे काम पाहा. नव्या मोहल्ल्यात आले की उंच इमारतीवर, पुष्कळदा मिनारावर चढायचे आणि वरून नकाशा पाहायचा. ज्या मिनारावरून बांगी माणसांना बोलावतो, त्या मिनारावरून आपण माणसांवर पाळत ठेवतो. हे कोणी ठरवून केलेली बेअदबी नव्हे. वास्तुकलेवर त्या कलाकारांनी घेतलेली मेहनत मनापासून दाद देण्याजोगी आहे, आणि आपला चमू वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांचा आहे, अशी पाटीही खेळाच्या आरंभी झळकते. पण मिनाराचे काम बदलले की मिनाराचा अर्थ बदलतो, आणि तो बदल पाटीने झाकला जात नाही.

याच मालिकेतला 'मिराज' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. त्यात नवव्या शतकातले अब्बासी बगदाद आहे. हा खेळ संपूर्ण अरबी संवादांतही खेळता येतो. बाजार, ग्रंथ, विद्वान आणि अजान यांनी ते शहर वस्तीचे वाटते. सोळा वर्षांत एवढा फरक पडला. तो निदर्शनांनी पडलेला नाही. त्या संस्कृतीचे जाणकार कामाला बसवल्याने पडला. आपल्या तक्रारखोरीला हा एक धडा आहे.

पश्चिम आणि जपान झाले. आपल्या घरी काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ जगासमोर आणला. महाराष्ट्रात घडलेल्या आणि जगभर दखल घेतल्या गेलेल्या खेळांत त्याचे नाव अग्रभागी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो, तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो, आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूल देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते. राजस्थानी गढ्या-महालांच्या रचना, पहाडी चित्रशैलीचे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेले प्रसंग, फिरत्या मंडलांची कोडी, भिंतीवरच्या चित्रांत महिषासुराची आणि अवतारांची कथा. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आला.

मुसलमान मुलाने राजी खेळावा का, असा प्रश्न आम्हाला विचारला गेला आहे. आमची कसोटी तीच: बोटाला काय करायला लावले आहे? राजीत ते लढायला, उड्या मारायला, कोडे सोडवायला आणि भावाला शोधायला लावले आहे. देवता बोलतात, शस्त्र देतात, पण खेळणाऱ्याचा कौल मागत नाहीत. गावात कीर्तन चालू असताना ओट्यावर बसून महिषासुराची गोष्ट ऐकणारा मुसलमान मराठी मुलुखात नवा नाही. कथा ऐकणे म्हणजे इबादत नव्हे, हे आपल्या आजा-पणजांना कोणी शिकवावे लागले नाही. आणखी एक गोष्ट राजीच्या बाजूची आहे. आजच्या हवेत असुराला एखाद्या माणसाच्या जमातीचा चेहरा, दाढी किंवा टोपी चिकटवणे फार सोपे होते. या खेळाने तसे केलेले नाही. त्याचे असुर असुरच आहेत. हे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे.

मग राजीचा दोष कोणता? आमच्या मते तो धार्मिक नसून वाङ्मयीन आहे. दुर्गा आणि विष्णू आकाशातून सारखे बोलत राहतात. भिंतीपुढे उभे राहिले की चित्राचा अर्थ लगेच सांगून टाकतात. खेळणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. जिथे जाहिर सगळे बोलून टाकते, तिथे बातिनला जागा राहत नाही. बहिणीच्या शोधाची गोष्ट एवढी ओली, पण तिचा शेवटही घाईने आटोपतो आणि डोळ्यांत रंग राहतात, मनात प्रश्न राहत नाही.

याच्याशेजारी २०१२ चा 'जर्नी' ठेवून पाहावा. हा अमेरिकेतल्या दॅटगेमकंपनीचा खेळ. तो आधी प्लेस्टेशनवर आला, पुढे संगणकावर आणि फोनवरही. दोनेक तासांत संपणाऱ्या या खेळात एकही शब्द बोलला जात नाही. वाळवंट आहे, दूर एक डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर उजेड आहे. झगा पांघरलेला एक प्रवासी चालू लागतो. बोटाला मोजकीच कामे: चालणे, थोडे तरंगणे, साद देणे. वाटेत दुसरा प्रवासी भेटतो. तोही जगात कुठेतरी बसलेला खरा माणूस असतो, पण त्याचे नाव, देश, भाषा काही दिसत नाही. बोलता येत नाही, मारता येत नाही, त्याचे काही हिसकावता येत नाही. दोघे जवळ आले की एकमेकांच्या पट्ट्याला बळ मिळते, एवढेच. शेवटी बर्फात पाय उचलत नाहीत, प्रवासी कोसळतो, आणि त्यानंतर उजेड. सगळे संपल्यावर सोबत चाललेल्यांची नावे पडद्यावर येतात.

रचनाकारांनी हा इस्लामी खेळ म्हणून केलेला नाही, आणि आम्हीही तसा दावा करणार नाही. पण हाजींचा काफिला ज्याने पाहिला आहे, त्याला इथे काय दिसावे? एका रंगाच्या कपड्यात नाव-गाव गळून पडलेली माणसे, अनोळखी सोबत्याचा आधार, आणि शेवटी स्वतःचे उरणेच संपणे, ज्याला सूफी फना म्हणतात. याला तावील म्हणावे. तावीलची अट अशी, की ती जाहिरला मोडत नाही. 'जर्नी'त जे खरेच दिसते आणि जे खरेच करावे लागते त्यातूनच हा अर्थ उगवतो; तो बाहेरून चिकटवावा लागत नाही. धर्माचे एकही चिन्ह न वापरता धर्माच्या गाभ्याशी नेणारा असा खेळ आम्हाला दुसरा ठाऊक नाही. आणि मघाचा प्रश्न इथे पुन्हा येतो. खांबापुढे वाकण्याने अस्वस्थ होणाऱ्या आपल्या मनाला, दिवसभर समोर दिसेल त्याला गोळी घालणाऱ्या बोटाबद्दल काहीच का वाटत नाही? बोट हीच कसोटी असेल, तर ती दोन्हीकडे लागली पाहिजे. शिर्कची भीती जागी आहे आणि रहमतची आठवण झोपली आहे, हे चांगले लक्षण नव्हे.

कोणी म्हणेल, खेळात एवढा अर्थ शोधणे हा परका चाळा आहे. आम्हाला तसे वाटत नाही. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्याचा संबंध मराठी परंपरा थेट ज्ञानदेवांशी जोडते. ते ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध झालेले नाही, पण मराठी माणसाने खेळाकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे त्या समजुतीतून कळते. पटावरच्या घरांना सद्‌गुण-दुर्गुणांची नावे, सापाच्या तोंडी पतन, शिडीने उन्नती, हातात कवड्या. जैनांनी आपला पट केला, वैष्णवांनी आपला. आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, की सूफींचाही पट होता. त्याच्या घरांत तसव्वुफच्या मंजिलींची नावे असत आणि खेळ अर्शकडे जाई. अरबी जगात असा पट 'शतरंज-उल-आरिफीन' या नावाने ओळखला जातो आणि इब्न अरबींच्या नावावर सांगितला जातो. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला. तिथे घरांची ही नावे हळूहळू गळाली आणि आकडे उरले. आज आपली मुले जी सापशिडी खेळतात ती तीच: साप आहे, शिडी आहे, पण साप कशामुळे गिळतो हे लिहिलेले नाही. बातिन काढून घेतलेला खेळ कसा दिसतो, याचा नमुना प्रत्येक घरात पडून आहे.

कथेचेही तसेच. उर्दूतली दास्तान-ए-अमीर हमजा आणि तिच्यातला तिलिस्म-ए-होशरुबा आठवावा. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेला मुलूख. त्याचे दार सापडावे लागते, त्याला तोडण्याची युक्ती एका लौहवर, म्हणजे पाटीवर लिहिलेली असते, आणि ती पाटी मिळवण्यासाठी अनेक पहारे ओलांडावे लागतात. अम्र अय्यारची जंबील तर अशी, की तिच्यात काहीही मावते आणि गरजेला काढता येते. आजचा मुलगा लेव्हल, बॉस आणि इन्व्हेंटरी म्हणतो ते याहून वेगळे काय आहे? मराठीत शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, त्याचे नावच लढाईचे आहे, आणि ती लढाई आतली आहे. बाहेरच्या युद्धापेक्षा नफ्सशी होणारे युद्ध मोठे, हे ज्या परंपरेने मराठीत ओवीतून सांगितले, तिला युद्धखेळांविषयी बोलायला शब्द कमी पडू नयेत.

हे सगळे आज बोलण्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून ७ तारखेला बंद झाला, दगडफेक झाली, दुकानांचे नुकसान झाले, इंटरनेट बंद करावे लागले. त्याच महिन्यात ठाणे जिल्ह्यातल्या एका तरुणाला उत्तर प्रदेशातल्या पोलिसांच्या प्रकरणात महाराष्ट्रात अटक झाली. आरोप असा, की ऑनलाइन खेळात हरणाऱ्या मुलांना आयती म्हणायला सांगून धर्मांतराकडे ओढले. आरोपाचे खरे-खोटे न्यायालय पाहील. आम्ही एवढेच नोंदवतो, की एका महिन्यात दोन ठिकाणी मोबाइलच्या पडद्यावरचे चिन्ह हे वाचण्याची गोष्ट न राहता पकडण्याची गोष्ट झाली. कट्ट्यावरच्या त्या चौघांपैकी मुल्लाणीच्या मुलाने आपल्या पात्राचे नाव काय ठेवावे, विजयानंतर तोंडातून सहज काय निघावे, याचा हिशेब आता त्याच्या आईला करावा लागतो.

अशा काळात सोपी वाट म्हणजे आपणही तसेच वाचायला लागणे. प्रत्येक खेळात डोळा, त्रिकोण, उलटी अक्षरे शोधायची आणि बातमी पुढे ढकलायची. २०२१ च्या सुरुवातीला अल-अजहरच्या फतवा केंद्राने फोर्टनाइटमधल्या काबासदृश वास्तूच्या विटंबनेबद्दल इशारा दिला. कंपनीने ती रचना आपली नसून खेळाडूंनी बनवलेल्या भागातली असल्याचा खुलासा केला. इशारा लाखो मोबाइलवर फिरला, खुलासा फिरला नाही. खबर आली की आधी पडताळा करा, हा हुकूम ज्या कुरआनाने दिला, त्याच्या इज्जतीसाठी न पडताळलेली खबर पुढे पाठवायची, यात विसंगती आहे. कारस्थान शोधणारा वाचक आणि स्टेटस पाहून दगड उचलणारा वाचक यांची वाचनाची रीत एकच असते. दोघेही जाहिरवर झडप घालतात आणि त्यालाच गूढार्थ म्हणतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मुलाच्या हातातून मोबाइल हिसकावण्याआधी त्याच्याशेजारी अर्धा तास बसावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. या खेळात तुझे बोट काय करते? इथे कोणाला चेहरा आणि नाव आहे, आणि कोणाला नाही? आणि कोणती गोष्ट तुला करावीशी वाटली तरी हा खेळ करू देत नाही? शत्रूला पाणी देता येते का, जखमीला सोडून देता येते का, मिनारावर न चढता खाली सफेत उभे राहता येते का? मुले या प्रश्नांची उत्तरे आपल्यापेक्षा चांगली देतात. त्यांना खेळ माहीत असतो. फक्त कोणी विचारलेले नसते.

आणि लेखकांना एक विनंती. पुण्यात बसून काही तरुणांनी दुर्गेची आणि एका बहिणीची गोष्ट जगभर नेली. नाल्या हैदरच्या गर्दीत हरवलेल्या मुलाची गोष्ट, शेख महंमदांच्या आतल्या लढाईची गोष्ट, सूफी पटावर घर-घर चढणाऱ्या फकिराची गोष्ट कोण लिहिणार? खेळ रचणाऱ्या मुलांना संगणकाची भाषा येते. त्यांना कथा हव्या आहेत, आणि आपल्याकडे त्या पडून आहेत. गडमुडशिंगीत अभियांत्रिकी शिकणारी मुले आहेत आणि या अंकात लिहिणारे लेखक आहेत. दोघांची गाठ पडावी एवढे तरी मुस्लिम मराठी साहित्याच्या पुढच्या बैठकांनी करावे. आकड्यांच्या सापशिडीवर घरांची नावे पुन्हा लिहिण्याचे काम तिथून सुरू होईल.